कै. विनायकबुवा पटवर्धन : एका गायनशिक्षकाचा परदेशप्रवास

आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात परदेशी गेलेल्या ज्ञातिपुत्रांची व ज्ञातिकन्यांची नावे छापून येतात. ही यादी वर्षागणिक लांबत चालली आहे. मी शाळेत रुजू झालो तेव्हा आमच्या पंचक्रोशीतला माणूस नागपूरला जाऊन आला तरी चार दिवस त्याच्या ओसरीवर मंडळी जमत. आता भंडारा, मोहाडी, पवनी, लाखांदूर अशा ठिकाणांहून निघालेली मुले समुद्रापलीकडे संसार मांडून बसली आहेत. संपादक मंडळाने मजसारख्या निवृत्त शाळामास्तरास एखाद्या नामांकित पुरुषाचे चरित्र लिहून देण्याची आज्ञा केली, त्या वेळी ही यादी माझ्यापुढे होती. आणि मनात नाव आले ते गायनाचार्य कै. पं. विनायकराव पटवर्धन यांचे. चरित्रनायक आपल्या ज्ञातीतला असावा असा या अंकाचा प्रघात आहे. तो मी यंदा मोडीत आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. माझे निमित्त एवढेच की बुवा हे मुळात शिक्षक होते आणि परदेशीही ते शिक्षक म्हणूनच गेले, असे मला वाटते.

विनायकरावांचा जन्म दिनांक २२ जुलै १८९८ रोजी मिरज येथे झाला. मिरज हे त्या वेळी लहानसे संस्थान. परंतु गाण्याच्या बाबतीत ते मोठमोठ्या शहरांस मागे टाकणारे होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी उत्तरेतून दक्षिणेत आणली आणि मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर यांस शिकविले. हे पलुस्कर पुढे मिरज सोडून उत्तरेत गेले आणि १९०१ साली लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तोवर गाणे शिकावयाचे म्हणजे उस्तादाच्या घरी पाणी भरावयाचे, त्याची मर्जी सांभाळावयाची आणि तो देईल तेवढे घ्यावयाचे, असा मामला असे. विष्णु दिगंबरांनी गाण्यास वर्ग, फळा, पुस्तक, परीक्षा आणि वेळापत्रक दिले. संस्थानिकाच्या मेहेरबानीवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि तिकिटांच्या उत्पन्नावर शाळा चालवून दाखविली. आज तालुक्याच्या गावीही गाण्याच्या परीक्षा होतात, त्याचे मूळ या लाहोरच्या शाळेत आहे.

१९०७ साली नऊ वर्षांचा विनायक या शाळेत दाखल झाला. मिरजेहून लाहोर! आपल्या मुलास नऊव्या वर्षी पुण्यास ठेवावयाचे म्हटले तर आज आपल्या घरांतून रडारड होईल. नऊ वर्षांच्या त्या पोरास पंजाबी येत नव्हते, हवा वेगळी, अन्न वेगळे. त्यांचा खरा परदेशप्रवास हाच होय असे म्हटले तरी चालेल. पुढचा प्रवास सरकारी पाहुण्याचा, हा मात्र एका लहान मुलाचा. विष्णु दिगंबरांकडे शिक्षकवर्गात घेतलेली मुले आश्रमासारखी राहत. पहाटे उठणे, स्वरसाधना, वाद्यांची देखभाल, धाकट्यांस शिकविणे, गुरूबरोबर गावोगाव हिंडून जलसे करणे, असा तो क्रम होता. १९०८ साली मुंबईस विद्यालय निघाले आणि मुक्काम तिकडे हलला. गाण्याबरोबर शिस्त आणि शिस्तीबरोबर शिकविण्याची हातोटी, अशी दुहेरी कमाई या वर्षांत झाली.

यानंतरचा भाग आपल्या नाट्यवेड्या प्रदेशास अधिक आवडण्यासारखा आहे. १९२२ साली विनायकराव गंधर्व नाटक मंडळीत गेले आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी बालगंधर्वांसमोर नायकाच्या भूमिका केल्या. उमदी शरीरयष्टी, खडा आवाज, पक्की तालीम. रंगभूमीस आणखी काय हवे होते? तेथे मान होता, पैसा होता, गावोगावी ओळख होती. परंतु गुरूंची इच्छा निराळी होती. आपल्या हातून तयार झालेल्या शिष्याने विद्यादान करावे, नाटकात रमू नये, असे विष्णु दिगंबरांस वाटे. त्यांचे स्वतःचे दिवस तेव्हा उतरणीला लागले होते. मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली होती आणि ते नाशिकास रामनामाच्या आश्रमात जाऊन राहिले होते. दिनांक २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांनी मिरजेस देह ठेवला.

पुढच्याच वर्षी विनायकरावांनी रंगभूमी सोडली. दिनांक ८ मे १९३२ रोजी पुण्यात त्यांनी गुरूंच्याच विद्यालयाचे नाव देऊन गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्याच वर्षी माधुरी नावाच्या बोलपटात त्या काळच्या प्रसिद्ध नटी सुलोचना यांच्याबरोबर त्यांनी काम केले. पण ती वाट त्यांनी धरली नाही. वय चौतीस. हातचा रुपया टाकून फळ्याजवळ उभे राहणे किती जड जाते हे मी थोडेसे जाणतो. मी मॅट्रिक झालो त्या साली तुमसरकडील खाणीत कारकुनीची जागा मिळत होती, आणि तिचा पगार शिक्षकापेक्षा बरा होता. वडिलांनी नको म्हटले म्हणून मी शिक्षक झालो. विनायकरावांस नको म्हणणारे गुरू तर हयातही नव्हते.

पुण्याच्या या विद्यालयात गुरुपुत्र दत्तात्रेय हाही शिकावयास होता. विष्णु दिगंबरांची याआधीची मुले बालपणीच दगावली होती. १९२१ साली जन्मलेला हा एकच मुलगा जगला, आणि वडील गेले तेव्हा तो अवघा दहा वर्षांचा होता. जे धन विष्णु दिगंबरांनी नऊ वर्षांच्या विनायकास दिले होते, ते विनायकरावांनी त्यांच्या पोरक्या मुलास परत दिले. नारायणराव व्यास हे दुसरे गुरुबंधू, त्यांचीही तालीम दत्तात्रेयास मिळाली. व्यास आणि पटवर्धन यांची जुगलबंदी त्या काळी फार गाजत असे. दोघांचे गाणे एका घराण्याचे, पण एकाचा आवाज गोड तर दुसऱ्याचा करारी. चौदाव्या वर्षी, १९३५ साली, दत्तात्रेय जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला आणि पंजाबातील जुन्या माणसांस त्याच्या वडिलांची आठवण झाली असेल यात शंका नाही. लोक त्याला बापूराव म्हणू लागले. त्याचा गळा गुरूहून मुलायम होता. मीरा, सूर, तुलसी यांची भजने त्याच्या आवाजात घरोघर पोचली. १९५२ सालच्या बैजू बावरा बोलपटात दरबारातील सामन्याच्या प्रसंगी बैजूकरिता बापूराव आणि तानसेनाकरिता उस्ताद अमीर खाँ गायले आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल.

आता मुख्य विषयाकडे येतो. स्टालिन १९५३ च्या मार्चमध्ये वारला आणि रशियाचे बंद दरवाजे किंचित किलकिले झाले. १९५४ च्या आरंभी सोव्हिएट कलावंतांचा एक संच भारतात येऊन गेला. त्याची परतफेड म्हणून भारत सरकारने त्याच वर्षी आपल्या कलावंतांचे शिष्टमंडळ तिकडे पाठविले. त्यात नर्तक होते, वादक होते. सतारवादक रविशंकर त्यांत होते, आणि गायनाकरिता पुण्याचे विनायकराव पटवर्धन होते. रशिया, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया हे देश या प्रवासात त्यांनी पाहिले. वय छप्पन्न. लाहोरच्या गाडीत बसलेल्या त्या मुलाने आता अर्धे शतक गाण्यात काढले होते.

वाचकांनी येथे क्षणभर गवयाच्या अडचणीचा विचार करावा. नर्तकीचे काम डोळ्यांस दिसते. सतारीस भाषा लागत नाही. पण गवयाचे काय? ख्याल म्हणजे तासाभराचा ऐवज. विलंबित लयीत स्वरास स्वर जोडीत राग उभा करावयाचा, मग द्रुत, मग तराणा, शेवटी भजन. आणि समोर दाद देणारा, सम ओळखणारा, मान डोलविणारा श्रोता. परदेशच्या रंगमंचावर निरनिराळ्या कलांच्या मिश्र कार्यक्रमात गवयाच्या वाट्याला थोडी मिनिटे येतात. समोर बसलेल्या माणसास ना राग माहीत, ना ताल, ना व्रजभाषेतील बंदिशीचा अर्थ. शिवाय तेथे मध्ये वाहवा म्हणण्याची रीत नाही. गाणे संपेपर्यंत सारे स्तब्ध आणि संपल्यावर टाळ्या. आपल्याकडील गवई अशा शांततेस घाबरतो. श्रोते तन्मय झाले आहेत की कंटाळले आहेत, हे त्यास कळत नाही.

परंतु विनायकरावांपाशी एक असे हत्यार होते की जे या प्रसंगास मुद्दाम घडविल्यासारखे वाटावे. ते म्हणजे तराणा. तराण्यावर त्यांचे प्रभुत्व सर्वमान्य होते आणि त्यांच्या मैफलीचा तो हुकमी भाग असे. तराण्यात काव्य नसते. ना, दिर, तोम, तन, देरे, दानी, यलली अशा अक्षरांवर तो बांधलेला असतो. ही अक्षरे जिभेवरून झरझर सुटतात, तबल्याच्या बोलांशी लगट करतात, लय वाढत जाते आणि समेवर सारे एकत्र येऊन आदळते. अमीर खुस्रोने हा प्रकार काढला अशी परंपरागत समजूत आहे. याचेच भाऊबंद म्हणजे मृदंगाच्या बोलांचे त्रिवट, आणि शब्द, सरगम, तराण्याची अक्षरे व मृदंगाचे बोल ही चार अंगे एकत्र गुंफलेले चतरंग. आपल्या झाडीपट्टीतील माणसास हे समजावून सांगण्याची गरज नाही. दंडारीत किंवा पोवाड्यात झील धरणारे जी जी करतात, त्याचा अर्थ कोणी कोशात शोधीत नाही. पण ती झील बंद पडली तर सगळा फड थंड होतो. मिरजेच्या रसिकास आणि मॉस्कोच्या रसिकास तराण्यातले शब्द सारखेच समजतात, म्हणजे एकही समजत नाही. म्हणून तेथे दोघेही एकाच पायरीवर असतात. भाषेवाचून गाणे पोचवावयाचे तर याहून सोयीची चीज हिंदुस्थानी गायकाच्या पोतडीत दुसरी नाही.

ते ज्या वर्षी गेले त्या वर्षीचे ते देश कसे होते हेही सांगितले पाहिजे. कारण पाहुणा रंगमंचावर थोडा वेळ असतो, उरलेला सारा वेळ तो पाहत असतो. मॉस्कोच्या तांबड्या चौकातील समाधीत तेव्हा लेनिनशेजारी स्टालिनचाही देह ठेवलेला होता. तो १९६१ साली तेथून हलविण्यात आला. १९३५ साली सुरू झालेली भुयारी आगगाडी ही त्या शहराची मोठी प्रौढी होती. तिची स्थानके संगमरवराने आणि झुंबरांनी राजवाड्यासारखी सजविलेली आहेत. नेवा नदीच्या काठच्या लेनिनग्राडास वेढा पडून तेथे लाखो माणसे भुकेने मेली, त्यास जेमतेम दहा वर्षे होत होती; आणि त्याच शहरात हर्मिटेजचे चित्रसंग्रहालय दिमाखाने उभे होते. पोलंडची राजधानी वॉर्सा जर्मनांनी १९४४ साली विटेवर वीट न ठेवता पाडली. पोलिश लोकांनी जुनी चित्रे व नकाशे समोर ठेवून जुन्या पेठेतील घरे होती तशी पुन्हा बांधली. तेथील जुना बाजारचौक २२ जुलै १९५३ रोजी लोकांस खुला झाला. योगायोगाने तो विनायकरावांचा जन्मदिवस. याच शहरातील एका चर्चमध्ये त्यांच्या थोर संगीतकाराचे, शोपाँचे, हृदय जपून ठेवलेले आहे. देह पॅरिसला आणि हृदय मायदेशी, अशी त्याची व्यवस्था आहे. चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राग युद्धातून पुष्कळशी बचावली होती. मोत्सार्टची एक प्रसिद्ध संगीतिका १७८७ साली प्रथम तेथे झाली, याचा अभिमान तेथील लोक अजून बाळगतात.

गायनशाळा चालविणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र या साऱ्यापेक्षा तेथील संगीतशाळा अधिक मोलाच्या. पीटर्सबर्गचे संगीत विद्यालय १८६२ चे आणि मॉस्कोचे १८६६ चे. म्हणजे लाहोरला विष्णु दिगंबरांनी सतरंजी अंथरली त्याच्या पस्तीस वर्षे आधी तेथे इमारत, ग्रंथालय, वेतन घेणारे अध्यापक अशी सारी सिद्धता होती. आमच्याकडे भातखंडे यांच्या प्रयत्नाने लखनौचे विद्यालय १९२६ साली निघाले, ते राजाश्रय व सरकार यांच्या मदतीने. विष्णु दिगंबरांच्या शिष्यांनी आपापल्या गावी शाळा काढल्या त्या बहुतेक भाड्याच्या जागेत आणि विद्यार्थ्यांच्या फीवर. नागपुरात शंकरराव सप्रे यांनी याच परंपरेतून विद्यालय चालविले आणि वसंतराव देशपांड्यांसारखा गवई त्यातून बाहेर पडला. सरकारने शाळा पोसावी की लोकांनी, यावर विद्वान वाद घालोत. मला एवढेच दिसते की दोन्हीकडे मुलास सा लावण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

रशियाशी आपला संबंध नवा नाही हेही जाता जाता सांगतो. त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी १४६९ च्या सुमारास आपल्या चौल बंदरात उतरला आणि त्याने एक पावसाळा जुन्नरात काढला. त्याने लिहून ठेवलेली प्रवासाची हकीकत रशियात फार मानली जाते. तो बिचारा घरी मात्र पोचला नाही. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ वारला. अलीकडच्या काळात बारान्निकोव्ह या पंडिताने तुलसीदासांचे रामचरितमानस रशियन भाषेत आणले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. विष्णु दिगंबरांच्या शिष्यपरिवाराचे गाणे ज्या रामकथेवर पोसलेले, ती कथा अशा रीतीने आधीच तिकडे जाऊन पोचली होती. आणि सामान्य रशियन माणसास हिंदुस्थान कळला तो याच १९५४ साली राज कपूरच्या आवारा बोलपटामुळे! अभिजात गायकांच्या चाहत्यांस हे रुचणार नाही, पण खरे ते सांगितले पाहिजे.

विनायकराव परत आले आणि पुन्हा वर्गात उभे राहिले. पुढच्या वर्षी, १९५५ साली, सरकारचे सांस्कृतिक शिष्टमंडळ चीनला गेले, त्यात बापूराव पलुस्कर होते. एका साली गुरू, दुसऱ्या साली शिष्य. बांडुंगची परिषद नुकतीच झालेली, पंचशीलाचा करार होऊन एक वर्ष लोटलेले. चीनविषयी आपल्याकडे तेव्हा प्रेमाचे भरते होते. बापूरावांचे वय चौतीस. ज्या वयात विनायकरावांनी रंगभूमी सोडून शाळा काढली तेच हे वय. चीनचा प्रवास करून ते परत आले, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, ऑक्टोबर १९५५ मध्ये, दसऱ्याच्या सुमारास, मेंदूच्या तापाने मुंबईस वारले.

विष्णु दिगंबरांचा वंशातील स्वर असा अकाली थांबला. ज्यास आपण लहानाचा मोठा केला, ज्याच्या गळ्यात आपल्या गुरूचे गाणे पुन्हा उभे राहिलेले पाहिले, तो आपल्या डोळ्यांदेखत जावा, यापरते दुःख शिक्षकास नाही. माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीत माझे दोन विद्यार्थी माझ्याआधी गेले. त्यांची नावे हजेरीपुस्तकात लाल शाईने कमी करावी लागली, ते दिवस मला अजून आठवतात. विनायकरावांनी यानंतर वीस वर्षे शिकविले. ओरिसातून सुनंदा पटनाईक नावाची मुलगी त्यांच्याकडे पुण्यास शिकावयास आली आणि पुढे मोठी गायिका झाली. राग विज्ञान या पुस्तकाचे सात भाग त्यांनी सिद्ध केले. रागाची माहिती, बंदिशी, आलाप, ताना असे सारे त्यात स्वरलिपीसह दिलेले आहे. आपल्या गुरूंचे चरित्रही त्यांनी लिहिले. घराण्यातील चिजा छापून टाकल्या म्हणून त्या काळी काही गवई कुरकुरत. कारण चीज ही त्यांच्या मते तिजोरीत ठेवण्याची वस्तू. विष्णु दिगंबरांच्या शाळेत वाढलेल्या माणसास ते पटणे शक्य नव्हते. दरवर्षी गुरूंची पुण्यतिथी ते निष्ठेने साजरी करीत. भारत सरकारने १९७२ साली त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली. दिनांक २३ ऑगस्ट १९७५ रोजी ते पुण्यात निवर्तले. गुरूंच्या पुण्यतिथीस उणेपुरे दोन दिवस झाले होते.

मी त्यांना पाहिले नाही. ते गेले तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. परंतु आमच्या गावी पेटी शिकविणारे एक मास्तर होते, दिवसा ते धानाच्या गिरणीत हिशेब लिहीत. त्यांच्यापाशी राग विज्ञानाचा एक भाग होता, वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेला, कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या. संध्याकाळी कंदील लावून ते पान उघडीत आणि आम्हा पाचसहा पोरांकडून भूपाचा सरगम घोकून घेत. नागपूर आकाशवाणीवर रात्री शास्त्रीय गायन लागे, त्या दिवशी ते आम्हांस थांबवून ठेवीत. एकदा असाच एक द्रुत तराणा लागला. कोणाचा होता हे आज आठवत नाही. आम्ही पोरे त्या अक्षरांना खो खो हसलो. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी पुस्तकातले तराण्याचे पान काढले, आमच्यापुढे ठेवले आणि बोटाने मात्रा मोजीत ती अक्षरे आमच्याकडून म्हणवून घेतली. समेवर यावयास आम्हांस त्या रात्री बराच उशीर लागला.